ऊन उतरेपर्यंतचा डाव

माझा नवरा जिवंत होता तोवर मी त्याला 'अहो' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. अजून तरी त्याची तक्रार आलेली नाही.

बाहेर सगळे त्याला आबा म्हणत. अमळनेरला तेलाच्या गिरणीत तो देखरेखीला होता. गिरणी बंद पडली, आम्ही धुळ्याला घर केलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याने बुद्धिबळ खेळण्यापलीकडे काही केलं नाही. घर आधी माझ्या शिलाई मशीनवर चाललं आणि मग मुलाच्या पगारावर. पण आबा मोठा खेळाडू. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी निंबाखाली सिमेंटचा कट्टा आहे. रोज तिथे पट मांडायचा आणि येईल त्याला हरवायचं, हाच त्याचा उद्योग.

हरायला माणसं खुशीने येत. पट आबाचा, सोंगट्या आबाच्या, वयाने आबा मोठा. स्वतःची चूक झाली की आबा चाल परत घ्यायचा, आणि समोरच्याची झाली की म्हणायचा, "हात लागला की लागला." अशा माणसाशी कोण जिंकणार? आणि जिंकून तरी जायचं कुठे, दुसऱ्या दिवशी पट तोच.

डाव सुरू करायची त्याची एक खास रीत होती. कट्ट्यावर तिला 'आबांची चाल' म्हणत. शहाणी माणसं आधी मधलं प्यादं काढतात. हा राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं पहिल्याच झटक्याला दोन घरं ढकलायचा. घराची मागची भिंत पाडून चोराला हाक मारावी तसं ते दिसतं. मग मागे रिकाम्या झालेल्या घरात उंट आणून बसवायचा. तोवर तुम्ही मध्ये प्यादं आणलेलं असतं, आणि त्याचं ते पुढे आलेलं प्यादं तुमच्या उंटाला फुकट खाता येतं. कट्ट्यावरचा प्रत्येक जण खायचा. लगेच आबा दुसरं एक प्यादं तुमच्या मधल्या प्याद्याच्या तोंडाशी आणून धरायचा, हेही घे म्हणून. ते खायला तुमचं मधलं प्यादं हललं की संपलं. त्याच्या उंटाला पटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरका रस्ता मोकळा, वाटेत खायला एक प्यादं, आणि रस्त्याच्या शेवटी कोपऱ्यात तुमचा हत्ती. कोपऱ्यातला हत्ती पळणार कुठे? मेला.

एवढाच तो सापळा. उंदराला दोनदा खोबरं दाखवायचं. एकदा सापडलेला उंदीर परत येत नाही, कट्टेवाले रोज येत. वर तोंडभर कौतुक, "आबा, काय चाल आहे!"

मला त्याने खेळ शिकवला तो काही हौसेने नाही. धुळ्यात नवे होतो, ओळखी नव्हत्या, हरवायला कोणीतरी हवं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. कोणती सोंगटी कशी चालते तेवढं त्याने सांगितलं आणि थांबला. सुरुवातीला मीही त्याच सापळ्यात मेले. मग एक दिवस ब्लाऊजची बाही जोडताना डोक्यात आलं, दुसरं प्यादं खायचंच कशाला? पहिलं खावं. दुसरं समोर आलं की आपल्या मधल्या प्याद्याच्या पाठीशी आपलंच आणखी एक प्यादं उभं करावं. रस्ता बंद, हत्ती सुखात, आणि फुकट मिळालेलं प्यादं पोटात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हरवलं. तिसऱ्या दिवशीही.

मग तो नेमच झाला. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली की एक डाव. पांढऱ्या त्याच्या, काळ्या माझ्या. तो तीच चाल करायचा, मी तेच उत्तर द्यायचे. मग तो कडेचं प्यादं पुढे काढून माझ्या उंटाला हुसकायचा, उंट मागे यायचा, आणि तिथून त्याचा डाव भिजलेल्या पापडासारखा व्हायचा. हरला की चिडणं नाही, वाद नाही. चपला पायात सरकवत म्हणायचा, "व्हयनं ना तुन्हं समाधान? आते जाऊ का मी?"

"जा," मी म्हणायचे, "तठे कट्टावर जिकी ये."

फक्त उन्हाळ्यात तो बरा खेळायचा. थंडीत चहा निवायच्या आत हरणारा माणूस चैत्र लागला की एकदम डोकं चालवायला लागायचा. उन्हाळ्यात त्याची ती प्रसिद्ध चालसुद्धा तो करायचा नाही, चारचौघांसारखं मधलं प्यादं काढायचा. डाव लांबायचे. कधी तो जिंकायचा, कधी मी. मला वाटायचं, सरकी तापली की तेल सुटतं, तशी ह्याची अक्कल धुळ्याच्या उन्हात सुटते. त्या दिवसांत मी हरले की मला राग यायचा, पण मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, पाऊस पडला की हा परत होता तसा होईल. आणि व्हायचाही.

मला फार गोष्टी येतात असं माझं म्हणणं नाही. शिवण ठीक, स्वयंपाक चारजणींसारखा. पण एका गोष्टीची मला पक्की खात्री होती. ज्याला सगळं धुळं मानतं त्या माणसापेक्षा मी चांगली खेळते. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. कट्ट्यावर कोणी विचारलं, आबा, घरी खेळता का कोणाशी, तर तो सांगायचा, "घरी काय, करमणूक." हे मला शेजारणीने सांगितलं. तिने मला लागावं म्हणूनच सांगितलं होतं, आणि लागलं.

मग तो गेला. रडायचं तेवढं रडले, ते इथे सांगायचं कारण नाही. पहिलं वर्षश्राद्ध झालं आणि थंडीत कट्टेवाल्यांनी त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा ठरवली. मंगल कार्यालयाच्या दाराशी मोठा फलक लागला. त्यावर हनुवटीला हात लावून विचारात गढलेला आबा. हनुवटीला हात लावून विचार करताना मी त्याला कधी पाहिला नाही. तो फोटो त्याची दाढ दुखत होती तेव्हाचा आहे.

आणि नियम काय केला होता, तर पहिल्या फेरीत सगळ्या पांढऱ्यांनी आबांच्याच चालीने सुरुवात करायची. श्रद्धांजली म्हणून.

मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, तू प्रमुख पाहुणी. उद्घाटनाची चाल तुझ्या हातून. मग शाल, श्रीफळ."

"मग?"

"मग काय, खुर्चीवर बसायचं. दुपारी जेवण आहे. शेवभाजी केलीय."

"माझं नाव घाल."

"कशात?"

"खेळणाऱ्यांत."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी कुस्तीत नाव घालायला सांगितलं. "आई, लोक काय म्हणतील? आबांच्या नावाची स्पर्धा, आणि आबांचीच बायको पहिल्या फेरीत हरली?"

"आणि जिंकली तर?"

तो हसला. हसतो अगदी बापासारखा, तोंडाच्या एका बाजूने.

सून आतून म्हणाली, "घाला हो नाव. नाहीतरी दुपारी एकट्याच भिंतीशी खेळत बसतात." सुनेचं माझं पटतं असं नाही, पण तिला नवरा गप्प झालेला बघायला आवडतं. नाव पडलं.

मी कशासाठी जात होते ते मला स्वच्छ ठाऊक होतं. जी गोष्ट मी दुपारी दार लावून रोज सिद्ध केली, ती एकदा चारचौघांत करायची होती. आबांची चाल चारचौघांत मोडायची, त्याच्या फोटोखाली बसून. मग मेले तरी चाललं असतं.

हॉलमध्ये लग्नाच्या खुर्च्या होत्या, पाठीला साटीनच्या गाठी मारलेल्या. दोंडाईच्यापासून दीपनगरपर्यंतचे लोक आले होते. एकाने भाषण केलं, आबा म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होते. दुसऱ्याने सांगितलं, आबांनी कधी कोणाला दुखावलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. मग दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, त्यात एकाच्या मोबाइलवर वरातीचं गाणं वाजलं.

माझ्या वाट्याला काळ्या सोंगट्या आल्या. बरं झालं, पांढऱ्या आल्या असत्या तर आबांची चाल मलाच करावी लागली असती. समोर आला तो आबांचा पट्टशिष्य. साठीच्या अलीकडचा, जळगावला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्याचं. तरुणपणी धुळ्यात नोकरीला होता तेव्हा कट्टा सोडायचा नाही. बसायच्या आधी तो वाकून माझ्या पाया पडला. पाया पडून खेळायला बसणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

"अक्का, तुमच्याशी मी कसा खेळू?" हात जोडूनच विचारलं त्याने.

"हाताने," मी म्हटलं.

पंचाने शिट्टी वाजवली. सगळ्या हॉलभर एकाच वेळी तेच प्यादं खट्टकन पुढे आलं. आणि मग चहा यायच्या आत सगळ्या हॉलभर पांढऱ्यांचं ते प्यादं फुकट गेलं. आबाला श्रद्धांजली द्यावी तर अशीच.

माझ्या शेजारी घड्याळ होतं. चाल केली की त्याचं बटण दाबायचं, मिक्सरचं दाबतात तसं. ते मला जमलं. त्याने आबांची चाल केली, मी मधलं प्यादं आणलं. त्याने उंट बसवला, मी प्यादं खाल्लं. त्याने दुसरं प्यादं तोंडाशी आणलं, मी न खाता पाठीशी प्यादं उभं केलं. आजूबाजूचे दोघं-तिघं वाकून बघायला लागले. त्यांच्या तोंडावरचं आश्चर्य बघून मला भारी वाटलं, खोटं कशाला सांगू. आता हा कडेचं प्यादं काढून माझ्या उंटाला हुसकणार, आणि मग मी त्याला आबाच्या वाटेने पोहोचवणार.

त्याने कडेचं प्यादं काढलं नाही. त्याने मध्ये मारामारी केली, प्याद्याला प्यादं, मीही परत मारलं. आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेने त्याने वजीर बाहेर काढला, तिरका, एका अंगाला. ठेवला आणि बटण दाबलं.

मी बघत राहिले. वजिराचं तोंड एकाच वेळी दोन प्याद्यांवर होतं. एक माझं मधलं प्यादं, आणि एक कोपऱ्यातल्या हत्तीशेजारच्या घोड्यापुढचं. एवढ्या वर्षांत ही चाल माझ्यापुढे कधी आली नव्हती. घड्याळ चालू होतं. मी बाजारात धक्का लागल्यावर बाई पिशवी छातीशी धरते तसं केलं. घोड्यापुढचं ते प्यादं एक घर पुढे सरकवून वाचवलं.

त्याच्या उंटाने मधलं प्यादं खाल्लं, आणि तिरका रस्ता उघडला. रस्त्याच्या शेवटी कोपऱ्यात माझा हत्ती.

ज्या कोपऱ्यावरून मी कट्टेवाल्यांना जन्मभर हसले, त्याच कोपऱ्यात.

"अक्कांचा हत्ती गेला," मागून कोणीतरी म्हणालं, घरात कोणी गेल्याची बातमी सांगतात त्या आवाजात. मुलगा येऊन कानाशी लागला, "आई, सोड आता. शेवभाजी निवते." पंचाने त्याला हटकलं ते बरं केलं.

मी सोडलं नाही. एक हत्ती कमी असताना कसं खेळायचं हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी सरळ प्रत्येक गोष्टीला अडवत बसले. त्याने घोडा आणला की मी वाट बंद करायचे. त्याने शह दिला की मी सगळ्यात कमी नुकसानीचं घर शोधायचे. आजूबाजूचे डाव संपत गेले. माणसं जेवून, हात पुसत आमच्याभोवती उभी राहिली. पट्टशिष्याच्या कपाळाला त्या थंडीत घाम आला होता. हत्ती जास्त असूनही त्याला संपवता येईना, आणि आबांच्या फोटोखाली आबांच्या बायकोला मारायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शेवटी त्याने हात पुढे केला. "अक्का, बरोबरी करू."

लगेच मोबाइल वर झाले, फोटो काढायला.

"हत्ती कोणाकडे जास्त आहे?" मी विचारलं.

"असू द्या हो."

"मग बरोबरी कशाची?"

"तुमचा मान म्हणून."

"मान तिकडे टेबलावर शालीत गुंडाळून ठेवलाय, तो मी नंतर घेईन. तू मात कर."

माणसं हसली. तो हसला नाही. त्याने हात मागे घेतला आणि खाली मान घालून खेळायला लागला. दोन हत्तींनी एकेक रांग बंद करत माझ्या राजाला पटाच्या काठाशी नेला आणि मात केली. मी राजा आडवा केला. चारचौघांत मी हरले होते, त्याच फोटोखाली, त्याच चालीने.

तो सोंगट्या आवरत होता. मी म्हटलं, "ती वजिराची चाल तू शोधलीस?"

"नाही अक्का. आबांनीच दाखवली."

"कधी?"

"केव्हाच. मी धुळ्याला होतो तेव्हा. त्यांना विचारलं होतं, आबा, समोरच्याने दुसरं प्यादं खाल्लंच नाही तर? तर म्हणाले, मग वजीर काढायचा. घरी अक्का खात नाही, म्हणाले."

माझ्या हातात पांढरा वजीर होता. तो मी खाली ठेवला.

"मग घरी का नाही काढला कधी?"

त्याचे डोळे भरले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता हा काहीतरी मूर्खासारखं बोलणार. "तेही विचारलं होतं मी. म्हणाले, घरी वजीर काढला तर डाव संध्याकाळपर्यंत संपत नाही. त्यापेक्षा हरलेलं बरं. अक्का, आबा मुद्दाम हरायचे. तुमच्यासाठी."

हे मुलाने ऐकलं. त्याच्या हातात माईक होता, आणि माईक हातात असलेल्या माणसाला कोण अडवणार. बक्षिसांच्या आधी त्याने सगळ्या हॉलला सांगितलं, की आमचे आबा बाहेर अजिंक्य होते, पण घरी आईला बरं वाटावं म्हणून आयुष्यभर मुद्दाम हरले. याला म्हणतात प्रेम. टाळ्या पडल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. माझ्या अंगावर शाल घातली आणि नारळ हातात दिला.

मी तेव्हा उन्हाळ्याचा विचार करत होते.

थंडीत चहा निवायच्या आत हरणारा आबा उन्हाळ्यात का खेळायचा? कारण बाहेर आग पडलेली असायची. दुपारच्या त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. कट्टा रिकामा. जायला जागा नव्हती, म्हणून बायकोशी नीट खेळायचा. आणि पाऊस पडला, हवा उतरली, कट्ट्यावर माणसं जमायला लागली, की परत ते घोड्यापुढचं प्यादं, परत कडेचं प्यादं, आणि पायात चपला. 'व्हयनं ना तुन्हं समाधान?' ज्या चालीला ही माणसं श्रद्धांजली वाहत होती, ती माझ्या घरात माझ्यापासून सुटका करून घ्यायची चाल होती.

मुलाने माईक माझ्यापुढे धरला. "आई, दोन शब्द."

मी म्हटलं, "प्रेमबीम काही नाही. त्याला कट्ट्यावर जायची घाई असायची. तिथे तुम्ही सगळे हरायला तयार बसलेले होता."

हॉल खळखळून हसला. त्यांना वाटलं, अक्का विनोदी आहेत.

पुढच्या फेऱ्या मी खेळले. एक जिंकले, बाकीच्या हरले. ते ठीक आहे, त्या माणसांनी मला हरवायचा खराखुरा प्रयत्न केला होता.

घरी आल्यावर पट काढायची इच्छा झाली नाही. मुद्दाम हरणाऱ्याला लोक मोठ्या मनाचा म्हणतात. मला तो चोरासारखा वाटतो. इतके डाव मी जिंकले म्हणून उराशी धरले होते, त्यातला एकही डाव नव्हता. समोर माणूसच बसलेला नव्हता, चपलांकडे लक्ष असलेला एक देह बसला होता. उरले ते फक्त उन्हाळ्यातले. ज्यांना मी वाईट दिवस समजून सोडून दिलं, तेवढेच डाव खरे होते. त्यांतले काही मी जिंकले होते. पण कोणते आणि किती, हे मी लक्षात ठेवलं नव्हतं, कारण तेव्हा ते मला मोजण्यासारखे वाटले नव्हते.

आणि ते एक वाक्य राहिलं. वजीर काढला तर डाव संध्याकाळपर्यंत संपत नाही. पट्टशिष्याला त्यात प्रेम दिसलं. पण बोलणाऱ्याने ते कौतुकानेही म्हटलं नव्हतं आणि प्रेमानेही. कामाची अडचण सांगावी तसं सांगितलं होतं. म्हणजे त्याच्या मते मी टिकले असते. मंगल कार्यालयात तर मी त्याच चालीला लगेच हत्ती घालवून बसले. मग त्याचं खरं, की माझा तो कोपऱ्यातला मेलेला हत्ती खरा?

महाशिवरात्र गेली, होळी गेली. मी पट काढला आणि त्या एका जागेशी बसले. वजीर बाहेर आलाय, त्याचं तोंड दोन प्याद्यांवर आहे. शिवणातली गाठ सोडवताना जे सुटत नाही ते ओढत बसायचं नसतं. घोड्यापुढचं ते प्यादं वाचवायचंच कशाला? वजिराला खाऊ दे. आपण घोडा काढावा, मग दुसरा घोडा. त्याचा वजीर माझ्या घरात एकटा फिरत राहील, तोवर माझी सगळी माणसं बाहेर पडतील. बरोबर की चूक ते भिंतीशी खेळून कळत नाही.

मी जळगावला फोन लावला.

"अक्का! बोला ना, काय सेवा?"

"सेवा नको. मे महिन्यात दुपारी खेळायला ये."

"मे महिन्यात? धुळ्याला? अक्का, मरीन मी."

"म्हणूनच मे महिन्यात. आणि आबांची चाल कर, वजिरासकट. मुद्दाम हरलास तर परत ह्या घराची पायरी चढायची नाही."

तो आला. डोक्याला ओला रुमाल बांधून, एसटीने, हातात केळ्यांची फणी. जळगावची माणसं कुठेही गेली तरी केळी नेतात. मुलगा कामावर होता, सुनेने पन्हं दिलं आणि कूलर लावून ती आत पडली. मी दार लावून घेतलं.

तो वाकायला लागला. मी म्हटलं, "पाया पडलास तर परत जा." तो बसला.

घोड्यापुढचं प्यादं. मधलं प्यादं. उंट. मी खाल्लं. त्याने दुसरं धरलं, मी पाठीशी उभं केलं. त्याने मध्ये मारामारी केली आणि वजीर काढला. मी घोडा काढला.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पटाकडे. मग पहिल्यांदाच हनुवटीला हात लावला, आणि ह्याची काही दाढ दुखत नव्हती. बऱ्याच वेळाने त्याच्या वजिराने ते प्यादं खाल्लं. मी दुसरा घोडा काढला.

कूलरचं पाणी संपलं, ते त्यानेच उठून भरलं. त्याचा वजीर माझ्या घरातून बाहेर पडताना एक प्यादं घेऊन गेला, मी त्याचा उंट अडकवला. पुढे मी एक चूक केली आणि घोडा गमावला. त्यानेही केली. ती मुद्दाम आहे का म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मुद्दाम नव्हती. तोंडातल्या तोंडात त्याने स्वतःला शिवी दिली होती.

मग खिडकीतली उन्हाची तिरीप भिंतीवर चढली. गल्लीत भांड्यांचा आवाज सुरू झाला, कोणीतरी अंगणात पाणी मारलं. पटावर दोघांचे दोन-दोन हत्ती होते आणि थोडी प्यादी. कट्ट्यावरून बोलणं ऐकू यायला लागलं.

त्याने घड्याळाकडे बघितलं. मग दाराकडे, जिथे त्याच्या चपला होत्या.

"अक्का, जळगावची गाडी..."

"दुसरी मिळेल," मी म्हटलं. "चाल कर."